डोलकाठीचं वळण

आमच्या ह्यांचा उभ्या वस्तूंवर फार जीव. सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून सगळी नोकरी झाली आणि जाता जाता त्या नोकरीने ह्यांच्या नजरेत एक ओळंबा टांगून ठेवला, तो कायमचाच. कुणाकडे पहिल्यांदा गेलो की यजमान पाणी आणायला आत वळल्याबरोबर हे दाराची चौकट बघून घेतात. लग्नाच्या मांडवात ह्यांना नवरानवरीच्या आधी खांब दिसतात. मला बघायला आले तेव्हा म्हणे सारा वेळ आमच्या माजघराच्या तुळईकडे बघत होते. मुलगा लाजाळू आहे असा माझ्या आईचा समज झाला आणि तेवढ्यावर तिने होकार कळवला. तुळई मधोमध बसली आहे ही गोष्ट ह्यांनी लग्नानंतर सांगितली. आईने तीही यथावकाश दुरुस्त करून घेतली.

तर अशा माणसाची गाठ पर्थला, स्वान नदीच्या काठी, एका डोलकाठीशी पडली.

लेक आणि जावई ऑस्ट्रेलियाच्या त्या पश्चिम टोकाला राहतात. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपले पौष-माघ, तेव्हा आमचं जाणं झालं. होडी घेतल्याची बातमी आधी फोनवर आली होती. गाडी घेतली म्हणाले असते तर शेजारी पेढे वाटले असते. होडी घेतल्यावर काय वाटावं, हे दोन्ही अर्थांनी आम्हाला सुचलं नाही. होडीही नवी नव्हती. माझ्या लेकीपेक्षा वयाने मोठी, तीन घरं फिरून आलेली, ‘टोर्नाडो’ जातीची कॅटामरान. वीस फूट लांबीची दोन अरुंद होडकी, एकमेकींपासून चांगलं अंतर राखून उभी. त्यांना जोडणाऱ्या दोन आडव्या तुळया. मधे ताणून बसवलेलं जाळीचं कापड. त्यावर माणसांनी बसायचं, लोळायचं, आणि वारा वाढला की तारेला लटकून बाहेर पाण्यावर मागे रेलायचं. पुढच्या तुळईच्या मध्यावर ती डोलकाठी. तीसेक फूट उंच, करड्या रंगाची, दिसायला अगदी सज्जन.

नदीकाठच्या हिरवळीवर, कागदासारखी साल सुटणाऱ्या झाडांच्या सावलीत ती होडी उभी होती. पाण्यात काळे हंस फिरत होते. विलेम द व्लामिंग नावाचा डच दर्यावर्दी 1697 साली इथे आला, तोवर युरोपात हंस म्हणजे पांढराच असा पक्का समज होता. काळे हंस बघून त्याने नदीलाच त्यांचं नाव देऊन टाकलं. मला ते हंस पाहून बरं वाटलं. आपण ज्याला नियम म्हणतो तो पुष्कळदा आपण कुठवर फिरलो एवढंच सांगतो. ह्यांना मात्र हंसांशी कर्तव्य नव्हतं. धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याकडून ह्यांनी शिशाचं वजन आणि हातभर दोरा मागून आणला, तो डोलकाठीशेजारी धरला, एक डोळा मिटला आणि जाहीर केलं, “ही मागे कलली आहे.”

“मुद्दाम ठेवलीय बाबा,” जावई म्हणाला.

“किती?”

जावयाने हात मागे झुकवून दाखवलं. हाताने दाखवलेलं माप ह्यांच्या वहीत चढत नाही. ह्यांनी डोलकाठीला हात लावला, जरासा दाब दिला आणि ती स्वतःभोवती फिरली. कुरकुरली आणि फिरली. वर पार टोकापर्यंत, एखाद्या मोठ्या माणसाने हाक ऐकून सावकाश मान वळवावी तशी. ह्यांनी चटकन हात काढून घेतला. “अहो, ही सैल आहे!”

“नाही बाबा. ती फिरायलाच हवी.”

त्यावर जी शांतता पसरली, ती मी सासऱ्या-जावयांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या शांततांमध्ये बरीच वर ठेवीन.

आता ती का फिरायला हवी, हे मला जे समजलं ते असं. साधी डोलकाठी जागच्या जागी गच्च उभी असते आणि शीड तिच्या पाठीमागे बांधलेलं असतं. होडी वाऱ्याच्या दिशेने वर चढू लागली की वारा पुढून तिरका येतो. तो आधी काठीवर आदळतो, फुटतो, आणि काठीच्या आडोशाला भोवरे करत बसतो. शिडाचा सगळ्यात कामाचा भाग म्हणजे त्याची पुढची कड, आणि ती नेमकी त्या भोवऱ्यांत सापडते. त्यावर तोड अशी, की डोलकाठीच थेंबाच्या आकाराची करायची, पुढे जाड आणि मागे निमुळती, आणि तिला वळू द्यायचं. मग ती आपलं नाक वाऱ्याकडे करते, शेपूट शिडाच्या फुगवट्याला जुळवून घेते, आणि काठी कुठे संपली आणि कापड कुठे सुरू झालं हे वाऱ्याला कळत नाही. वाऱ्याची ही फसवणूक इतकी बेमालूम, की काही जातींच्या कॅटामरानच्या नियमांत शिडाचं क्षेत्रफळ मोजताना डोलकाठीचंही मोजतात. खांबाने कापड म्हणून घ्यावं आणि कायद्याने ते मान्य करावं, असं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

ती फिरते कशी, तर शाळेत आपण खांद्याचा म्हणून जो उखळीचा सांधा शिकलो, तसल्या एका गोल बैठकीवर तिचा पाय टेकलेला असतो. पुढून एक आणि दोन बाजूंनी दोन अशा तीन तारा तिला धरतात. त्या वर एकाच ठिकाणी येऊन मिळतात आणि मुद्दाम थोड्या ढिल्या ठेवलेल्या असतात. डोलकाठीच्या बुंध्याशी मागच्या अंगाला वीतभर-दीड वीत लांबीची एक दांडी बाहेर आलेली असते. तिला स्पॅनर म्हणतात. दांडीला दोरी, दोरी कप्पीतून, कप्पीतून क्लीटच्या चिमट्यात. ह्यांना वाटलं, ही दोरी ओढली की काठी फिरते. उलट आहे. फिरवण्याचं काम वारा आणि शिडाचा आडवा वासा परस्पर करतात, आणि करायला लागले की थांबत नाहीत. दोरीचं काम आवरायचं. इथवर, पुढे नको, एवढंच सांगायचं. मुलीची आई म्हणून मला त्या दोरीविषयी तिथल्या तिथे आपुलकी वाटली.

पण इथवर म्हणजे कुठवर? सगळी गंमत ह्या एका प्रश्नात आहे. सर्वसाधारण वाऱ्यात दांडी बाजूच्या तारेच्या रोखाने असावी, असं बहुतेक जण सांगतात. वारा चढला की दोरी आवळून तिला मागच्या तुळईकडे आणावं, म्हणजे शिडाचा जोर ओसरतो. वारा पाठीशी घेऊन परतताना तिला मोकळं सोडावं, पार काटकोनापर्यंत. इथवर मतैक्य. त्यापुढे मात्र त्या नदीकाठावर जितक्या होड्या तितकी घराणी. कुणी म्हणतं जोराच्या वाऱ्यात आवळूच नका, काठीला पुढेमागे वाकू द्या, शीड आपोआप चपटं होतं. कुणी म्हणतं, शिडावर चिकटवलेले लोकरीचे धागे बघा, दोन्ही बाजूंचे धागे सरळ मागे वाहू लागले की हात काढून घ्या. एक गृहस्थ ठामपणे म्हणाले की दांडीकडे बघायचंच नसतं, पायाच्या तळव्याला समजतं. ते अनवाणीच हिंडत. तळव्याला काय समजत असेल ते समजो, पण शर्यतीत ते नेहमी आमच्या लेकीच्या पुढे असत, म्हणून त्यांना कुणी हसत नसे.

आमच्या होडीवर ह्या वादाचा लेखी पुरावाच होता. पुढच्या तुळईवर, डोलकाठीच्या पायाशी, आधीच्या मालकांनी केलेल्या खुणा होत्या. एक निळ्या शाईची, एक लाल, आणि एक खिळ्याने ओरखडलेली. तिन्ही तीन जागी. निळ्या खुणेपाशी काहीतरी अक्षर होतं, अर्धं पुसलेलं. कुणी कधी, कसल्या वाऱ्यात, कसल्या आनंदात ती केली असेल? माणूस नदीवर खूप वेळ घालवतो, एके दिवशी होडी अचानक हलकी होऊन धावू लागते, तो घाईघाईने खिशातून पेन काढतो आणि त्या क्षणाची जागा धरून ठेवतो. पुढे तो होडी विकतो. खूण होडीबरोबर जाते, क्षण त्याच्याकडे राहतो, आणि नवा मालक निळ्या खुणेवर दांडी आणून बसतो तर काहीच होत नाही. आपल्याकडे जुन्या पोथीच्या समासात असंच कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलेलं सापडतं. वाचता येतं, कळत नाही, पण पुसवतही नाही. लेकीने त्या तिन्ही खुणा जपल्या होत्या.

ह्या जातीची जन्मकथा मला जावयाने सांगितली. 1967 साली रॉडनी मार्च नावाच्या इंग्रजाने ती आखली, आणि 1976 ते 2008 ती ऑलिंपिकमध्ये होती. पहिलं सुवर्णपदक मिळालं ते रेज व्हाइटला. ह्या जातीच्या जन्मात त्याचाही मोठा हात. आणि त्याच्या जोडीला होडीत होता त्याचा मेव्हणा, जॉन ऑस्बर्न. हे ऐकून ह्यांनी पहिल्यांदा होडीकडे जरा आदराने पाहिलं. मेव्हण्याबरोबर एका ताणलेल्या कापडावर बसून, एकाच दोरीवरून मतभेद असताना, सुवर्णपदक आणणं ही गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही मेव्हण्याला विचारा, सोपी नव्हे. त्याच्याही शंभर वर्षं आधी, 1876 मध्ये, न्यूयॉर्कच्या शर्यतीत नॅथनेल हेरशॉफ आपली ‘अ‍ॅमरिलिस’ नावाची जोडहोडी घेऊन उतरला आणि भल्याभल्या नौकांना मागे टाकून गेला. त्यावर लोकांनी तक्रार केली, आणि पुढे अशा होड्यांना मोठ्या शर्यतींतून बाहेरच ठेवलं गेलं. फार वेगात गेल्याबद्दल पंगतीतून उठवणं हा न्याय फक्त आपल्याकडेच आहे असं नाही, एवढं मला त्यातून कळलं.

पण मला सांगायचं आहे ते होडीबद्दल कमी आणि त्या दोघांबद्दल जास्त. आमचा जावई गुणी आहे, खाणींच्या कामातला इंजिनियर आहे, आणि कमी बोलतो. हे कमी बोलतात म्हणणं म्हणजे जावयाला वाचाळ ठरवणं होईल. लग्नापासून दोघांचं संभाषण असं: “काय म्हणता?” “बरं आहे, बाबा.” “ऊन?” “आहे.” मग दोघं टीव्हीकडे बघत, तो बंद असला तरी. दोघांनाही एकमेकांविषयी माया आहे हे मला आणि लेकीला ठाऊक होतं, पण ती कुठल्या वाटेने बाहेर यावी हे दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. आम्ही दोघींनी क्रिकेट लावून पाहिलं, मिसळ करून पाहिली, एकदा दोघांना बाजारात पाठवून पाहिलं. ते भाजी घेऊन आले, एक शब्द न बोलता, आणि भाजी चांगली होती.

डोलकाठी फिरली आणि ही वाट सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळी हे नातीच्या खोलीत गेले, आम्हीच सांगलीहून तिच्यासाठी नेलेली कंपासपेटी उघडली, आणि त्यातलं कोनमापक घेऊन जावयाला म्हणाले, “चला, नीट मोजू.” त्या क्षणापासून आमच्या घरात दांडीचे अंश हा विषय सुरू झाला. हे डोलकाठीच्या पायाशी उकिडवे बसत, जावई दोरी सोडी आणि आवळी, हे आकडा सांगत, जावई फोनमध्ये टिपून घेई. “पन्नास.” “वारा बारा नॉट.” “लिहा.” “लिहिलं.” मधूनच वाद होई. वाद! आवाज चढत! जावई एकदा चक्क म्हणाला, “तुम्हाला कळत नाहीये, बाबा.” मी आणि लेक स्वयंपाकघराच्या खिडकीत एकमेकींकडे बघून हसलो. घरातल्या माणसाला कळत नाहीये असं म्हणण्याइतका तो आता घरातला झाला होता.

माझं माहेर मिरजेचं. लहानपणी गाणं शिकायला जात होते तेव्हाच्या आमच्या बाई आठवल्या. मिरजेत तंबोरे बनतात, पण तंबोरा बनणं वेगळं आणि बोलणं वेगळं. बाई तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली, सुताचा एक तुकडा सरकवत बसायच्या. जवारी लावायच्या. केसभर पुढे, केसभर मागे. तार छेडायची, ऐकायचं, मान हलवायची, पुन्हा सूत सरकवायचं. आम्ही मुली घड्याळाकडे बघत बसायचो. मग कुठल्याशा एका जागी ते सूत यायचं, आणि तीच तार, तोच भोपळा, पण आवाज एकदम उघडायचा, खोलीभर पसरायचा. बाई डोळे मिटायच्या. आणि म्हणायच्या, “वेळ झाली मुलींनो, उद्या या.” तेव्हा वाटे, ह्यांनी आम्हाला गाणं कधी शिकवलं? आता त्या दोघांना दांडी अर्ध्या बोटाने सरकवून शिडाकडे टक लावून बघताना पाहिलं आणि वाटलं, बाई शिकवत होत्या ते हेच असेल. गळा नव्हता माझ्याकडे, पण अजूनही कुठे तंबोरा नीट लागलेला नसला की मला आधी कळतं.

पर्थच्या उन्हाळ्यात सकाळी वाळवंटाकडून तापलेला पूर्वेचा वारा येतो. दुपारी तो दमतो, पाणी काचेसारखं होतं, आणि मग नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून, फ्रीमँटल बंदरावरून एक गार वारा शहरात शिरतो. त्याला तिथले लोक ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात. आपल्या भूगोलाच्या पुस्तकातले हे खारे आणि मतलई वारेच, पण आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याला अशी पदवी कुणी दिली नाही. डॉक्टर यायची वाट सगळा काठ बघत असतो. कुणी घड्याळ बघतं, कुणी नदीच्या वळणाकडे. आमच्याकडच्या दवाखान्यांतून बसतात तसेच चेहरे करून बसतात, आणि डॉक्टरही कधीकधी तसाच येतच नाही.

त्या निपचित मधल्या वेळेत एकदा लेक होडी घेऊन निघाली. सुकाणू तिच्या हाती, जावई दोऱ्यांशी. सांगलीला कृष्णेच्या घाटावर शेवटच्या पायरीला पाणी लागलं तरी रडणारी ही मुलगी, आता दोन होडक्यांच्या मधल्या जाळीवर मांडी ठोकून बसली होती आणि नवऱ्याला हुकूम सोडत होती. तिने होडी वळवली. शीड दुसऱ्या बाजूला गेलं, माणसं दुसऱ्या बाजूला गेली, पण डोलकाठी गेली नाही. वाऱ्यात जोरच नव्हता. ती आपली जुन्याच दिशेला तोंड करून उभी. सगळं घर नव्या मुक्कामी पोचलं आणि आजीबाई अजून आधीच्या गावच्या आठवणी सांगताहेत, अशी गत. जावयाने बसल्या जागेवरून दांडीला पायाने ढोसलं. खट्‌ आवाज झाला आणि काठी वळली.

काठावर हे ताडकन उभे राहिले. “पाय लावला!” मला म्हणाले. “डोलकाठीला पाय लावला त्याने!”

असंच करतात, सगळेच करतात, हलक्या वाऱ्यात दुसरा इलाज नसतो, हे संध्याकाळी लेकीने परोपरीने समजावलं. हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र मी झाडाखाली बसून पाहत होते. होडी पुन्हा निघाली, वारा पुन्हा पडलेला, काठी पुन्हा अडली, जावयाचा पाय पुन्हा गेला. आणि मग त्याने इकडेतिकडे पाहून डोलकाठीला हात लावला आणि तो हळूच कपाळाला लावला. लेकीला दिसलं नसावं. मी ह्यांना सांगितलं नाही. काही गोष्टी सांगितल्या की त्यांचा वाद होतो.

ह्यांची काही वर्षं मालवणला गेली, धक्क्याच्या आणि रस्त्याच्या कामावर. तिथल्या होड्यांना एका बाजूला उलांडी बांधलेली असते. दोन लवलवत्या काठ्या बाहेर काढलेल्या आणि त्यांच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा एक ओंडका. एकटी होडी लाटेला भिऊन कलंडेल, म्हणून तिला दुरून सोबत. हे रोज संध्याकाळी त्या होड्या बघत, आणि एका म्हाताऱ्या तांडेलाशी ह्यांचं बरं जमलं होतं, म्हणजे दोघं शेजारी बसून बोलत नसत. पर्थच्या काठावर एकदा हे अचानक जावयाला त्या तांडेलाबद्दल सांगू लागले. तो वारा येण्याआधी हाताची मागची बाजू तोंडासमोर धरायचा; उलांडीच्या काठ्या बांधताना गाठ इतकी घट्ट आवळायची नाही की लाकडाला लाटेबरोबर हलता येणार नाही; ह्यांनी एकदा त्याला नटबोल्ट सुचवले होते, तेव्हा तो फक्त हसला होता. हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होते. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला मालवणच्या बदलीबद्दल सांगितलेली एकमेव गोष्ट म्हणजे तिथे सिमेंटला दमट हवा लागते.

काही मोठ्या सागरी नौकांवर ही फिरणारी डोलकाठी इतकी रुंद असते, की शिडं उतरवून ठेवली तरी ती एकटीच वारा पकडते. माणसं थकून आत झोपलेली, नांगर टाकलेला, आणि नौका आपली रात्रभर नांगराभोवती इकडून तिकडे हिंडते आहे. निवृत्त माणसाचं काय होतं हे ज्यांनी घरात पाहिलं आहे त्यांना हे नवं वाटणार नाही. शिडं गुंडाळली म्हणून अंगातला वारा जात नाही. आमची होडी लहान, तीही जमिनीवर. तरी रात्री वारा सुटला की तिची काठी उगाच खट्‌खट्‌ वळत राही. हे टॉर्च घेऊन जात आणि दांडीला दोरी बांधून येत. एका रात्री गेले तर जावई आधीच तिथे. दोघं बराच वेळ परतले नाहीत. काय बोलत होते, विचारलं तर हे म्हणाले, “गाठ कुठली मारायची ते.”

सान्तियागो लांगे ह्या अर्जेंटिनाच्या खेळाडूची गोष्ट जावयाने ह्यांना तेव्हाच कधीतरी सांगितली असावी, कारण पुढे ती ह्यांच्याच तोंडून मी अनेकांना सांगताना ऐकली. ह्याच टोर्नाडोवर 2004 आणि 2008 ची कांस्यपदकं. मग ऑलिंपिकमधून जोडहोड्याच गेल्या. 2016 मध्ये रिओला त्या परत आल्या, नव्या जातीच्या, एक स्त्री आणि एक पुरुष अशा जोडीने चालवायच्या. तेव्हा हा माणूस चोपन्न वर्षांचा होता, आणि आदल्याच वर्षी कर्करोगामुळे फुप्फुसाचा एक भाग काढून टाकलेला. सेसिलिया कारांझाबरोबर तो उतरला आणि सुवर्णपदक जिंकला. त्याचे दोन मुलगे त्याच स्पर्धेत दुसऱ्या होडीवर होते. शर्यत संपल्यावर ते पोहत बापाच्या होडीकडे गेले. हे गोष्ट इथवर आणतात आणि मग घसा साफ करून म्हणतात, “त्याही होडीची डोलकाठी फिरते बरं का.”

आम्ही सांगलीला परतलो. रविवारी फोन येतो तेव्हा आता आधी ह्यांना बोलावणं असतं. ह्यांनी आलेखाच्या कागदावर एक तक्ता केला आहे: आडव्या रेघेवर वाऱ्याचा वेग, उभ्या रेघेवर अंश, आणि जावयाने कळवलेले ठिपके. ठिपके कुठल्याच रेषेत येत नाहीत. हे पट्टी ठेवून बघतात, उचलतात, पुन्हा ठेवतात. लेकीने मला मधे एकदा वेगळा फोन करून सांगितलं, “आई, अर्ध्या इंचाने काहीही फरक पडत नाही गं. आम्ही तसेही शेवटून दुसरे येतो.”

“मग सांग ना त्याला.”

“छे!” ती म्हणाली. “परवा नवऱ्याने बाबांना त्याच्या ऑफिसातल्या कटकटीबद्दल सांगितलं. मला सांगितलं नव्हतं.”

गेल्या रविवारी मात्र फोनवर पहिली नात आली, आणि चांगलीच तापलेली. तिचं कोनमापक आजोबांनी होडीच्या तुळईवर चिकटवून टाकलं होतं. कसल्याशा पक्क्या गोंदाने, आता निघत नाही, आणि उद्या तिची भूमितीची परीक्षा. ह्यांनी तिला शांतपणे सांगितलं की कागद दोनदा दुमडला की काटकोन मिळतो, आणखी एकदा दुमडला की त्याचा निम्मा; आम्ही साइटवर तेवढ्यावर भिंती उभ्या केल्या आहेत. परीक्षेत कागद दुमडून चालत नाही, असं तिचं म्हणणं. तेवढ्यात मागून जावयाचा आवाज आला, की बाबा, ते कोनमापक फक्त डावीकडचंच दाखवतं, होडी उलट वळली की आकडे उताणे वाचावे लागतात. ह्यांनी डोळे बारीक करून थोडा विचार केला आणि निर्णय दिला: दुकान उघडं असेल तर आत्ताच जाऊन दोन घेऊन या, एक तिला, आणि एक तुळईच्या उजव्या अंगाला.